देठं

दुक्मच्या कँपात मेसला तीन दारं.
निळं कार्ड: भात, सांबार, शुक्रवारी बिर्याणी.
हिरवं: अरबी.
पिवळं: कोरियन.
सात महिने पिवळ्या दारावरून मी
नुसता वास घेत गेलो,
लसणाचा, आणि आंबत आलेल्या कशाचा तरी.

परवा रात्री चौदा नंबरच्या लाइनची टेस्ट होती.
पाणी भरलं, दाब चढवला
आणि गेजसमोर बसलो, मी नि बे-साहेब.
खुर्च्या दोन, दोघांत मिळून शब्द पन्नास.
बाहेर वारा पत्र्यावर वाळू फेकत होता;
इथे त्याला खरीफ म्हणतात,
पेरणी नाही, काही नाही, नुसता वारा.
काटा हलला नाही.
पहाटे साडेचारला त्याने सही केली, मी केली,
आणि त्याने माझी बाही धरली.
कम. इट.

दारावरचा पोऱ्या माझ्या निळ्या कार्डाकडे बघत राहिला.
बे-साहेबाने स्वतःचंच कार्ड दोनदा टेकवलं.

स्टीलचा वाडगा, स्टीलच्या काड्या.
दाकगेजांग, म्हणाला,
मग कोपर फडफडवून दाखवले: कोंबडी.
वर लाल कट, मिसळीला शोभेल असा,
पण वास तिळाच्या तेलाचा.
कांद्याची पात, अंड्याच्या तारा,
आणि मध्ये ती तपकिरी, लांबट,
दाताखाली स्पंजासारखी रस्सा सोडणारी
काय आहेत ती?
मटण? मान हलली. मशरूम? मान हलली.
मी चार खाल्ली.

मग घसा.
आधी पडजिभेमागे एक बारीक कूस,
मग दोन, मग आतून
कुणी काथ्याने घासतंय.
मी खाकरलो,
आणि खाकरता खाकरता मला हसू फुटलं.

ही खाज मला नावानिशी ओळखते.

पाचलला न्हाणीमागे, सांडपाण्यावर माजलेलं अळू.
अण्णा हाताला खोबरेल चोळून देठं सोलायचे,
साल निघायची उसवलेल्या दोऱ्यासारखी.
सांगणारं कुणी नव्हतं, चिंच घालायची राहिली.
आम्ही तिघं भावंडं आणि अण्णा
रात्री उशिरापर्यंत गूळ चघळत,
खाकरत, एकमेकांकडे बघून खिदळत.
भिंतीपलीकडून बेबीताई ओरडल्या, काय झालं हो?
"फदफदं झालं!" अण्णा म्हणाले.
आई जाऊन चाळीस दिवस झाले होते.

"तोरान-दे," बे-साहेब म्हणाला.
मला ऐकू आलं, तोरण दे.
कसलं तोरण? कुठल्या दाराला?
तो फोनशी बोलला. फोन हिंदीत म्हणाला,
मिट्टी का अंडा. डंठल.

मग एक फोटो:
पत्र्याच्या छपरावर उकिडवी बाई, बहीण असणार,
तेच नाक.
पुढ्यात वाळत घातलेली देठं,
आणि मागे, कुंपणाशी, ते पान.
वर एक थेंब, घरंगळायच्या बेतात.

"अळू," मी म्हणालो.
"आलू? पोटॅटो?"
नाही, नाही. अळू.
"आरू."
असू दे. ळ दिल्लीकडच्या इंजिनियरांनाही जमत नाही.
तेवढ्यात तोही खाकरला.
त्यालाही लागलं होतं की! मघापासून
काटा न हलवता बसला होता.

मी उठलो, निळ्या दाराने आत गेलो.
पोन्नप्पन सांबारासाठी चिंच भिजवत होता.
मूठभर कोरडी मागून आणली, टिश्यूत गुंडाळून.
उकळताना, मी खुणेने सांगितलं, उकळताना टाकायची.
बे-साहेबाने हुंगली. बोटाने दाबून बघितली.
कुठे ठेवावी कळेना,
शेवटी ओव्हरऑलच्या खिशात घातली,
जिथे तो गेजची सर्टिफिकिटं ठेवतो.

आज पंधरा नंबरची लाइन.